बाहीतला हात

माझं कोपर बरं केलं ते आमच्या द्राक्षबागेच्या मालकाच्या चुलत्यांनी. काय झालं होतं ते मागाहून सांगतो. ज्याचं श्रेय त्याला आधी देऊन मोकळा होतो, नाहीतर मला चैन पडत नाही. सगळं गाव त्यांना मेजर म्हणतं. ते मेजर नव्हते, हवालदार म्हणून फौजेतून परत आलेले. पण पलूसच्या बाजूला पेन्शन घेऊन घरी आलेल्या कुठल्याही फौजीला मेजरच म्हणायची रीत आहे आणि सरकारही त्यात लक्ष घालत नाही. तर या मेजरांविषयी माझं ठाम मत असं, की सबंध जगात आपल्या उजव्या हातावर एवढी माया करणारा माणूस दुसरा झाला नसेल. आपण दोन-दोन हात घेऊन जन्मभर फिरतो, पण त्यांची कधी विचारपूस करत नाही. मेजर रोज करायचे. आणि त्यांना उजवा हात नव्हता.

हात कोपराच्या वरून गेलेला. नवा माणूस दबक्या आवाजात विचारायचा, कुठल्या लढाईत? मेजर तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "कडबाकुट्टीच्या." सगळी नोकरी बर्फात आणि वाळवंटात काढली, अंगावर ओरखडा उठला नाही, आणि घरी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात म्हशीसाठी कडबा कापताना यंत्रानं हात ओढून घेतला. मात्र हात गेला हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. ते म्हणायचे, "झाडोऱ्यात लपलेला जवान दिसत न्हाई म्हणून तुमी त्याला मेला म्हणता का? तसा हाय त्यो." आणि तो आहे असं धरूनच त्यांचं सगळं चालायचं. शर्ट कायम पूर्ण बाहीचे. रिकाम्या बाहीला डाव्या बाहीपेक्षा कडक इस्त्री, कारण डावी कामात चुरगळते, उजवीनं तरी इज्जत राखावी. जेवायला बसले की उजवीकडं कोपरापुरती जागा सोडायची. वडापच्या जीपमध्ये माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असताना मेजर शेजारच्याला अदबीनं सांगायचे, "पाव्हणं, जरा सरका, हात दबतोय." पाव्हणं बाहीकडं बघायचे, मेजरांच्या मिशांकडं बघायचे, आणि सरकायचे. एकदा तर एक धिप्पाड पैलवान त्या मोकळ्या जागेला "माफ करा" म्हणाला, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

दिवस कलला की मेजर घराच्या पुढच्या सोप्यावर बसून उजव्या हाताला तेल लावायचे. म्हणजे डाव्या तळहातावर तेल घ्यायचं आणि उजवीकडच्या हवेवर, खांद्यापासून खाली, सावकाश चोळत न्यायचं. कोपराशी थांबून अंगठ्यानं गोल दाब द्यायचा. त्या बाजूच्या फरशीवर तेलाचा काळपट डाग पडला होता. मालकाच्या आईला सगळे आक्का म्हणतात. त्या या दिरावर कुरकुरायच्या, पण तेलाची वाटी कोमट करून त्याच आणून द्यायच्या. हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मेजरांचा एक कुत्रा होता, सुरकुतल्या तपकिरी कातडीचा, म्हणून त्याचं नाव बेदाणा. तो नेहमी मेजरांच्या उजव्या अंगाला बसायचा. आणि बसल्या बसल्या मान उंच करून, डोळे मिटून, कान मागं पाडून स्वस्थ व्हायचा, कुणी मानेखाली खाजवत असल्यासारखा. मधेच त्याच्या कानाचे केस एका बाजूला वळायचे. वारा नसताना. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा पाण्याची घागर तशीच घेऊन परत फिरलो होतो.

मी नांदेडकडचा. आठवीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली, आणि फिरत फिरत या बागेत वर्षाच्या बोलीवर सालानं राहिलो. बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये माझी खोली. काम छाटणीचं, म्हणजे वर्षातून दोनदा कात्री घेऊन वेलींच्या काड्या कापायच्या, दिवसाला इतक्या की रात्री झोपेतही बोटं मिटत-उघडत राहतात. घरी आई आणि लहान बहीण. आमचं घर माझ्या उजव्या हातावर उभं होतं, यात अलंकार काही नाही. आणि एका उन्हाळ्याच्या छाटणीत त्या हाताचं कोपर बाहेरच्या अंगानं दुखायला लागलं. आधी कात्रीनं, मग बादलीनं, मग पिळलेल्या फडक्यानं, आणि शेवटी चहाचा कप उचलताना कळ यायला लागली. दवाखान्यात सुई घेतली, बरं वाटलं. परत सुरू झालं, परत सुई घेतली, परत बरं वाटलं. आणि तिसऱ्यांदा आलं ते आधीपेक्षा दांडगं. डॉक्टर चांगले होते, बराच वेळ समजावून सांगत होते. की हाडाला चिकटणारी शीर सारखी ताणून झिजलीय, आता सुया पुरेत, व्यायाम करा, चिकाटी ठेवा, बऱ्याच जणांचं त्यावर भागतं, अगदीच नाही भागलं तर ऑपरेशनचा विचार करू. एवढ्या बोलण्यातला मी फक्त ऑपरेशन हा शब्द घेऊन बाहेर पडलो. आणि माझ्या ओळखीत कोपराचं ऑपरेशन झालेला माणूस एकच होता.

बागेकडं येताना मेजर सोप्यावर तेल लावत बसलेले दिसले. मी त्या कडक इस्त्रीच्या बाहीकडं पाहिलं आणि वाट सोडून बागेतनं शेडकडं गेलो.

कुणाला काही न सांगता मी आमच्याकडचा उपाय केला. सुई दिव्यावर तापवून बिब्ब्यात टोचायची आणि ते तेल दुखऱ्या जागी ठिपक्यांनी लावायचं. आमच्या आजीनं अर्धा गाव असाच बरा केला म्हणतात. उरलेल्या अर्ध्याचं कुणी सांगत नाही. सकाळी कोपर सुजून फोडांनी भरलं होतं. मी पूर्ण बाहीचा शर्ट घालून, गुंड्या लावून दार उघडलं, तर दारात मेजर उभे. डाव्या हातानं रिकामी बाही धरलेली, तोंड लाल.

"कोपराला काय लावलंस?" ते म्हणाले.

मी म्हणालो, कुणाच्या?

"माझं पेटलंय पहाटंपासनं. माझं मी काय लावलेलं न्हाई. मग ऱ्हायलं कोण?"

छाटणीच्या टोळीतले नंतर म्हणायचे, त्यांना बिब्ब्याचा वास आला असेल, फौजीचं नाक आहे. असेल. पण त्यांनी माझी बाही वर करून फोड पाहिले आणि नेमक्या तेवढ्याच जागा, तशाच, आपल्या उजवीकडच्या हवेत बोटानं दाखवल्या: इथं एक, इथं दोन, इथं मोठा. माझ्या हाताकडं न बघता दाखवल्या.

मी रडलो. मला ऑपरेशनचं भ्याव वाटायलंय, असं सांगून टाकलं. मेजरांनी "वाटायलंय म्हणं" असं माझ्या बोलीत मला वेडावून दाखवलं, आक्कांकडून फोडांना खोबरेल लावून घेतलं आणि दोन दिवसांनी मला सांगलीला घेऊन गेले. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडं मेजर स्वतःच्या उजव्या हातासाठी पूर्वी जायचे. बाईंनी माझं कोपर दाबून पाहिलं आणि सांगितलं ते असं. कोपरापासून पुढचा हात टेबलावर पालथा ठेवायचा, मनगट कडेच्या बाहेर. मुठीत पाण्याची अर्धी बाटली. दुसऱ्या हाताच्या मदतीनं ती वर घ्यायची आणि खाली सोडताना मात्र दुखऱ्या हातानं एकट्यानं, अगदी सावकाश सोडायची. थोडं दुखेल, तेवढं चालतं. नंतर बोटांना रबर लावून मूठ हळूहळू उघडायची. कात्रीला धार ठेवायची, काम निम्मं करायचं, पण हात गळ्यात बांधून बसायचं नाही. आणि महिनोन्महिने करायचं, कंटाळा हाच खरा शत्रू.

परत येताना जीपमध्ये मेजरांनी मला त्यांचं खरं दुखणं सांगितलं. हात आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याची मूठ मिटलेली आहे. यंत्रानं ओढला त्या क्षणापासून मिटलेलीच. नखं तळव्यात रुतलीत, कोपर ताणून राहिलंय, उघड म्हटलं तर उघडत नाही. बाईंनी त्यांना आरसा दिला होता. डावा हात आरशापुढं धरायचा, म्हणजे आरशात उजवा दिसतो. तो उघडला की मनाला वाटतं उजवा उघडला. बऱ्याच लोकांना लागू पडतं. मेजरांना पडेना, कारण आरशातला हात डावाच आहे, उजव्याचं सोंग घेतोय, हे त्यांना कळायचं. "त्याच्या अंगठ्यावर विळ्याचा वण हाय. त्यो डाव्याचा. मला फसिवतोय व्हय?" मग माझ्या उजव्या हाताकडं त्यांनी फार वेळ बघितलं. रस्ता संपेस्तोवर. मी हात खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी मेजरांच्या एका जुन्या शर्टाची उजव्या काखेतली शिवण उसवून दिली.

आमची बैठक अशी असायची. सकाळी द्राक्षपेट्या भरायच्या टेबलापुढं मेजर ताठ बसायचे. त्यांच्या उजव्या खांद्यामागं उंच स्टुलावर मी. माझा हात उसवलेल्या काखेतून त्यांच्या बाहीत शिरायचा आणि पुढं कफमधून बाहेर यायचा, टेबलावर पालथा पडायचा. बाटली वर घ्यायला मेजरांचा डावा हात मदत करायचा. खाली सोडायचं काम माझ्या उजव्याचं. "हळू. घाट उतरतीया गाडी. बिरेक दाबून." मागून मला त्यांची मान दिसायची आणि पुढं एका फौजीचे दोन हात. त्यातला एक माझा आहे हे मला ठाऊक असायचं, पण थोड्या वेळानं शंका यायला लागायची. कारण मेजर काही न बोलता खांदा थोडा हलवायचे आणि माझं बोट हलायचं. मी हलवलं म्हणून की काय, सांगता यायचं नाही. एकदा माशी बसली, ती मला समजली नाही, त्यांना समजली.

एका सकाळी दूध घालायला येणारी बाई दारातच थांबली. तिला मेजर डाव्या हातानं चहा पिताना आणि उजव्यानं बाटली उतरवताना दिसले. त्यांच्या रुंद पाठीमागं मी कुठला दिसतोय. तिनं किटली खाली ठेवली आणि मागं मागं चालत गेली. दुपारपर्यंत मेजरांना हात फुटल्याची बातमी तालुकाभर झाली. छाटलेल्या काडीला फूट येते तशी आली म्हणे. एकानं तर पहिल्यांदा नखं आली असंही सांगितलं. दोन दिवसांनी उंब्रजकडचे एक वयस्कर गृहस्थ टोपी नीट करत आले, अर्धी करंगळी पुढं केली, आणि आमची काय फार अपेक्षा नाही, पेरभर आली तरी चालेल, असं म्हणाले. मेजरांनी त्यांना चहा पाजला, आणि रुजायला वेळ लागतो, असं सांगून घालवलं. मी हसलो. मेजर हसले नाहीत.

व्यायाम मी कधी चुकवला तर त्यांना कळायचं. एकदा मी पलूसच्या बाजारला गेलो आणि आल्यावर दोन वेळचं मिळून एकदाच झटपट उरकलं, तेही शेडमध्ये, एकटा. मेजर बांधावरनं ओरडले, की इतक्या जोरात उतरवू नको, कळ आली. त्यांच्यात आणि माझ्यात सगळी बाग होती. त्यानंतर मी चुकवलं नाही. कंटाळा हा शत्रू असेल, पण आमच्याकडं त्याला यायची छातीच होत नव्हती. महिने गेले, बाटली अर्धीची पाऊण झाली, भरली. सुजेची आठवणही राहिली नाही. कळ कमी होत होती, पण इतकी हळू, की मी रोज आदल्या दिवसाशी तोलायचो आणि काहीच फरक नाही म्हणून घाबरायचो.

मग पावसाळा सरल्यावरची फळछाटणी आली. छाटणीनंतर काडीच्या टोकातून वेलीचं पाणी ठिबकतं, त्यामुळं आभाळ कोरडं असताना सगळ्या बागेत टपटप ऐकू येत राहते. मेजरांना ते आवाज सहन व्हायचे नाहीत. त्या दिवसांत ते बागेत जायचे ते टोपी काढून. अशाच एका सकाळी आमची बाटली झाली आणि मी बोटांना रबर लावून मूठ उघडत होतो. मेजर माझ्या, म्हणजे त्या हाताकडं टक लावून होते. त्यांची पाठ एकाएकी ताठ झाली.

"थांब," ते म्हणाले. "मिटू नगं."

मी बोटं तशीच ताणून धरली. बाहेर टपटप चालू होती. त्यांचा खांदा माझ्या छातीला टेकलेला, तो सैल पडला.

"सुटली मूठ." आणि मग, "कडबा हुता रं मुठीत. इतकी वर्सं. पडला खाली."

आम्ही दोघांनी खाली पाहिलं. फरशी स्वच्छ होती. बेदाणा उठला, मेजरांच्या उजव्या पायाजवळ आला, हुंगला, आणि धूळ नाकात गेल्यासारखा तीनदा शिंकला.

त्या दिवशी मेजर इतके खूश होते की आक्कांनी त्यांना गूळ घालून शेवया केल्या. मीही खूश होतो, कारण फडकं पिळताना मला काहीच झालं नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात एका सकाळी ते टेबलाशी आले आणि बाही चाचपत बसले. हात आखूड होतोय, म्हणाले. मूठ सुटली, ताण गेला, आणि तो मागं सरायला लागलाय. आज पंजा थेट कोपराला आलाय. आज बोटं खांद्यालाच. सैन्य माघारी येताना खबर द्यावी तशी ते रोज मला खबर द्यायचे. सांगलीच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की होतं असं, दुखणं संपलं की मेंदू हळूहळू त्या हाताला सोडतो, चांगलंच आहे. मेजरांनी मान हलवली आणि आभार मानले.

ज्या सकाळी मी भरलेली घागर उजव्या हातानं उचलून आणली आणि ठेवल्यावर मला आठवलं की दुखलं नाही, त्याच सकाळी मेजर टेबलापुढं बसले होते आणि काखेची शिवण घातलेली होती.

"न्हाई आला आज," ते म्हणाले.

मी स्टुलावर बसलो नाही, जमिनीवर बसलो. ते म्हणाले, "दुखत न्हाई आता. लय शांत हाय." आणि शिवणीवरनं अंगठा फिरवत, "एवढी शांतता बरी न्हाई रं गड्या." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाही दुमडून पिन लावली. जीपमध्ये कुणाला सरका म्हणेनात. बेदाणा काही दिवस उजवीकडं मान वर करून बसायचा आणि मग डोळे उघडून इकडं तिकडं बघायचा. पुढं तो डावीकडं बसायला लागला.

मला वाटायचं मीच काहीतरी घेऊन बसलोय. तसं बोललो तर त्यांनी शिवी दिली आणि माझं कोपर दाबून पाहिलं, सुक्या लाकडाची पारख करावी तसं, आणि म्हणाले, आता हे कात्रीला लावू नको जन्मभर. त्यांच्याच ओळखीनं मी महाबळेश्वरच्या अलीकडं एका स्ट्रॉबेरीच्या मळ्यावर आलो. इथं काम हलकं आहे. आईला फोन करतो तेव्हा ती पहिल्यांदा हाताचं विचारते, मग माझं. पावसाळ्यात धुकं खोलीच्या आत येतं, कपडे वाळत नाहीत, अंथरूण ओलं लागतं, समोरच्या माणसाचा पाय दिसतो, पण डोकं दिसत नाही. अशाच एका सकाळी मी खुंटीवरचा स्वेटर काढला. दमट, गार. डावा हात बाहीत घातला, शहारा आला. उजवा घातला, तर ती बाही गरम होती. लोकरीच्या उबेनं नव्हे, आत कुणी आधीच हात घालून ठेवल्यासारखी. मी घाबरून काढला नाही. सावकाश घालत गेलो, मेजरांच्या मागून बाटली उतरवायचो तितका सावकाश, आणि कफमधून माझीच बोटं बाहेर आली, सैल, उघडी. तेव्हापासून गार सकाळी बऱ्याचदा असं होतं.

बरेच दिवस धीर झाला नाही. शेवटी फोनवर मेजरांना सांगितलं. मला वाटलं हसतील, नाहीतर शिवी देतील. पण त्यांनी हळूच विचारलं, "दुखत तर न्हाई नव्हं त्याला?"

नाही म्हणालो. अजिबात नाही मेजर, चांगला राहतोय. ते बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

मेजर, तुमची परतफेड पैशानं होणारी नाही आणि माझ्याकडं पैसा नाहीही. पण मी त्याला जपतोय. थंडीत उघडा ठेवत नाही, ओझं बेतानं देतो, काहीही मुठीत आवळून धरत नाही. एक दिवस इथलं काम संपवून मी तिकडं येईन, आक्कांना पुन्हा शिवण उसवायला सांगेन, आणि तो मूळ जागी बसतोय का बघेन. बसला तर मी हळूच माझा मागं काढून घेईन. त्या दिवशी तुमच्या बाहीतून एकच हात बाहेर आला पाहिजे, आणि तो तुमचा.